चार सेकंदांचा उपाशी

आमच्या ह्यांना सगळे 'फटाफट' म्हणतात, कारण एक खोली रंगवायला हे पंधरा दिवस घेतात. आधी जुना रंग खरवडणार, मग पुट्टी भरणार, मग ती घासणार, मग पुन्हा पुट्टी, आणि मग भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून बघत बसणार. अठरा वर्षांच्या संसारात माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नाही. असो. माणूस धंद्याने रंगारी, स्वभावाने हट्टी आणि तोंड मुळातच पडलेलं. अगदी मजेत असले तरी कुणाला तरी पोचवून आल्यासारखे दिसतात. लग्नात फोटोवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "नवरदेवाची संमती आहे ना?"

त्याच तोंडाने आमचा घात केला.

त्या दिवशी हे वाचनालयात गेले होते. तिथल्या मोठ्या हॉलचं छत रंगवायचं निघालं होतं. वीस फूट उंच, चारी कडांना नक्षी. त्या छतावर ह्यांचा डोळा आम्ही ह्या गावात आलो तेव्हापासून. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तिघांची नावं आहेत, कळवते." हे खूश होऊन बाहेर पडले, पोस्टासमोरच्या पायरीवर बसून डबा संपवला, वर दोन केळी खाल्ली आणि सहज समोर बघितलं. पोस्टाची भिंत कुणीतरी ओल न काढताच रंगवली होती. महिन्याभरात पोपडे! दुसऱ्याने बिघडवलेली भिंत ह्यांना बघवत नाही, डोळ्यांत पाणी येतं. खरंच येतं, मी खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात एक कॅमेरावाला आला आणि ह्यांचं शूटिंग करायला लागला. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काय रे बाबा, कशाला? ह्यांना वाटलं, पोस्टाने भिंतीच्या पाहणीला माणूस पाठवला! मग काय, ह्यांनी ओल्या डोळ्यांनी भिंतीकडे हात केला, मान हलवली आणि सुस्कारा सोडला. कॅमेरावाल्याने खांद्यावर थोपटलं आणि गेला.

तीन आठवड्यांनी टीव्हीवर आणि मोबाइलवर एक गाणं आलं. भुकेल्यांच्या मदतीसाठी बत्तीस मोठमोठे गायक, प्रत्येकाला एकेक ओळ. सगळ्यांचा एक हात कानावरच्या हेडफोनवर, डोळे मिटलेले. एकाने तर शेवटपर्यंत उघडलेच नाहीत, त्याला घरी कुणी नेलं देव जाणे. आणि जिथे सगळे मिळून "किती दिवस उपाशी राहशील, मित्रा" असं म्हणतात, तिथे चार सेकंद आमचे हे! रंगाचे डाग पडलेला सदरा, भरलेले डोळे, पसरलेला हात. पोटात दोन केळी, ती मात्र दिसत नाहीत.

झालं! सगळा देश रडला. मोबाइलवर गाण्याखाली लोकांनी लिहिलं, "ह्या डोळ्यांनी मला रात्रभर झोपू दिलं नाही." मला तर ते डोळे रोज घोरताना दिसतात. कोपऱ्यावरचा औषधवाला मला म्हणाला, "वहिनी, इतकी वेळ आली आणि बोलला नाहीत?" आणि टॉनिकची बाटली हातात कोंबली. मग दाराशी वस्तू यायला लागल्या. बेल वाजायची, दार उघडावं तर पायरीवर पिशवी आणि माणूस वळणावर पसार. भर उन्हाळ्यात अकरा ब्लँकेटं! आतल्या खोलीत ढीग लावला. सासूबाई मात्र रंगात आल्या. मुलगा टीव्हीवर म्हटल्यावर त्यांना चालताना धाप लागायला लागली, पण फक्त दार उघडं असेल तेव्हा.

हसून घ्या. पण कामं थांबली हो! ज्याच्याकडे खोली ठरली होती तो म्हणाला, "आराम करा, शिडीवर चक्कर आली म्हणजे?" दुसऱ्याने काम दिलं नाही, तांदूळ दिले. आणि वाचनालयातून चिठ्ठी आली: "आपली प्रकृती पाहता इतक्या उंचावरचं काम आपल्याला सांगणं आमच्या मनाला पटत नाही." खाली बाईंची सही, सोबत त्यांच्या हातचं विणलेलं ब्लँकेट. बारावं. ह्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. गाण्याने गरिबी हटायची ती हटो, आमच्याकडे आणायला घेतली होती. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी दारावर लिहून लावणार होते.

त्यात त्या बत्तिसांपैकी एक गायक गावात आला. शाळेच्या मैदानावर स्टेज, आणि ह्यांच्या हस्ते नव्हे, ह्यांनाच मदतीचं खोकं. मी म्हटलं, "अहो, आता माइक हातात येईल, सांगून टाका." तर ह्यांनी खरंच सांगितलं.

"मी उपाशी नव्हतो," हे म्हणाले. "माझं जेवण झालं होतं."

गायकाने काळा चष्मा काढला, ह्यांना मिठी मारली आणि ओरडला, "बघा हा स्वाभिमान!" टाळ्यांचा कडकडाट.

"अहो, स्वाभिमान नाही, दोन केळीसुद्धा खाल्ली होती! मी भिंतीकडे बघत होतो. ओल न काढता रंग मारलाय. आणि ही तुमच्यामागची शाळेची भिंत, हिलासुद्धा प्रायमर नाही."

आता टाळी एकच वाजली, ती माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारात रांग! आम्ही फसवलं म्हणे. लबाड म्हणाले, ढोंगी म्हणाले. औषधवाला टॉनिक परत मागायला आला, अर्धं सासूबाईंनी संपवलेलं. मी म्हटलं, "या, आत या, आपापलं ओळखून घेऊन जा!" दया आली तेव्हा एकानेही उंबरा ओलांडला नव्हता, राग आला तेव्हा सगळे चपला काढून थेट आतल्या खोलीत. हे कोपऱ्यात उभे, मान खाली. मला इतकं वाईट वाटलं की एकेकाचं ब्लँकेट मी त्याच्या तोंडावर फेकत होते.

सगळ्यात शेवटी ग्रंथपालबाई आल्या. ओठ घट्ट मिटलेले. ब्लँकेट उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. ढीग हलल्यामुळे मागची भिंत मोकळी झाली होती आणि खिडकीतून तिच्यावर तिरपा उजेड पडला होता. तिरप्या उजेडात भिंतीचं सगळं पाप दिसतं, असं हे म्हणतात. त्या भिंतीत दिसायला काही नव्हतंच. बाईंनी तळहात ठेवला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला.

"हे कुणी केलं?"

"आमच्या उपाशी माणसानं!" सासूबाई पलंगावरून कडाडल्या. धाप वगैरे काही नाही.

बाई ह्यांच्याकडे वळल्या. "गेल्या आठवड्यात बाकीच्या दोघांची कामं बघून आले. तुमच्याकडे यावंसं वाटलंच नाही, गाण्यात बघितलं होतं ना. चुकलंच माझं." मग म्हणाल्या, "सोमवारी शिडी लावता का? छत तुमचं."

ह्यांचं तोंड तसंच, पण कान लाल झाले. अठरा वर्षांत मी ते कान तीनदा लाल झालेले पाहिलेत.

बाईंनी ब्लँकेट खाली ठेवलं. "हे राहू दे. खाली टेबलांवर टाकायला होईल, रंगाचे थेंब पडतात ना."

ह्यांनी ते उचललं, नीट चौकोनी घडी घातली आणि त्यांच्या हातात दिलं.

"घेऊन जा बाई," हे म्हणाले. "माझ्या हातून थेंब पडत नाही."