साक्षीनंतरचं गाणं

जळगाव जामोदच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात केसरबाईचं घर चर्चला पाठ लावून उभं आहे. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, वर क्रूस, आत सतरंजी. रविवारी कुलूप उघडायचं, झाडून काढायचं, सतरंजी अंथरायची, हे काम केसरबाईचं. कोणी सोपवलं नव्हतं. नवरा गेला आणि पुढच्या रविवारपासून ती करायला लागली, एवढंच.

नवऱ्याचं नाव निवृत्ती. एकाहत्तरच्या लढाईतून तो धडधाकट परत आला, तेव्हा गावाने त्याला बैलगाडीतून मिरवलं होतं. पुढे फौज सोडून घरी बसला, तर लोक थट्टा करायचे, "नावच निवृत्ती, मंग नोकरी कशी टिकंन बे?" तोही हसायचा. पण जेवताना तो पाण्याचा तांब्या समोर ठेवू द्यायचा नाही, हे फक्त केसरबाईला ठाऊक होतं.

चर्चच्या मंडळीचा त्याच्यावर जीव होता, खोटं कशाला बोलायचं. दरवर्षी पीक अर्पणाच्या सणाला त्याला पुढे बोलवायचे. "निवृत्तीभाऊ, साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं ते चारचौघांत सांगायचं, आणि साक्ष संपली की सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं, ही रीत. निवृत्ती सांगायचा, गोळा पडला, मी वाचलो, प्रभूची कृपा. की लगेच पेटी, ढोलकी, टाळ.

एका वर्षी तो मध्येच थांबला. म्हणाला, "माह्या बाजूचा गडी पाणी पाणी करत गेला. प्रभूनं मले वाचवलं, मंग त्याले काऊन नाही?"

तेव्हा उपासना चालवणारे पाळक घाबरले असतील. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गाणं सुरू झालं. शेवटचं कडवं संपलं तरी निवृत्ती तसाच उभा होता. तो प्रश्न त्याने पुन्हा कोणाला विचारला नाही, केसरबाईलाही नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी तो गावाबाहेरच्या विहिरीत सापडला.

"पाय घसरला," केसरबाईने सांगितलं. मंडळीने मानलं. घंटा वाजली, कबरस्तानात जागा मिळाली. पुढे कधी कोणी विषय काढलाच, तर ती पायरीवरच्या शेवाळाचंसुद्धा वर्णन करायची.

गेल्या हिवाळ्यात कुलदीप फौजेतून घरी आला. शेजारच्या गल्लीतला पोरगा, लहानपणी केसरबाईच्या अंगणात बोरं खाऊन बिया तिच्याच भिंतीवर मारणारा. तिकडे पहाडात त्यांची गाडी दरीत कोसळली. मेहकरकडचा शिवम त्याच्या शेजारी बसला होता, तो गेला. कुलदीप कंबर मोडून वाचला.

त्याची बायको समता एक दिवस केसरबाईजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "माय, हे धड जेवत नाहीत. ताट समोर आलं का दोन घास बाजूले काढून ठेवतात. कोणाचे म्हटलं तर म्हणतात, शिवमचे."

केसरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अन् आता पाळकसाहेब म्हणतात, सव्वीस जानेवारी रविवारीच आली आहे, सत्कार करू, साक्ष घेऊ. मले भेव वाटते, माय."

केसरबाई तशीच उठून पाळकांकडे गेली. पाळक म्हणजे प्रज्वल, तिच्या नातवाच्या वयाचा.

"सलाम, पाळकसाहेब. कुलदीपची साक्ष नका घेऊ."

"काऊन, केसरबाई? शाल आणली, पाहुण्यांना कळवलं. आपण त्याच्या पाठीशी आहो, हे त्याले दिसलं पाहिजे ना."

"पाठीशी आहा, तर पाठीशीच राहा. पुढं कायले उभं करता?"

प्रज्वल हसला. मनाने वाईट नव्हता. "कारण तर सांगा."

कारण सांगायचं तर विहीर सांगावी लागली असती, आणि मग निवृत्तीच्या कबरीकडे लोकांनी कसं पाहिलं असतं? "काही नाही, बुढीची बडबड," म्हणून ती परत आली. प्रार्थनेला बसली, पण शब्द येईनात.

रविवारी पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, चर्च भरलं. शाल झाली, हार झाला. टाळ्या वाजल्या तशी कुलदीपने मागे सरकून भिंतीला पाठ लावली. समता पदर तोंडाशी धरून बसली होती.

"शिवम खिडकीशी बसला होता," तो म्हणाला. "ती जागा माही होती. मले थंडी वाजते म्हणून मी त्याले तिकडं बसवलं." त्याने खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. "प्रभूनं मले वाचवलं म्हणता. मंग त्याले काऊन..."

प्रज्वलचा हात पेटीवाल्याकडे वळला. केसरबाईने पाहिलं. तीच खूण.

"गाणं नको!"

ती कधी उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. पाहुण्यांतला एक म्हणाला, "आजी, बसा. उपासना सुरू आहे."

"याच जागेवर माह्या मालकानं हेच विचारलं होतं. तवा गाणं म्हटलं सगळ्यायनं. त्याचा पाय नव्हता घसरला. तो आपल्या पायानं गेला."

वरचा पत्रा उन्हाने कडकडला. ती कुलदीपकडे वळली. "उत्तर माह्यापाशी नाही, बापू. इथं कोणापाशीच नाही. पण शिवम कसा होता, ते सांग."

"घोरायचा," कुलदीप म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. "लय घोरायचा. आम्ही त्याच्या तोंडावर मोजे फेकायचो." आणि तो भिंतीला घसटत खाली बसला. समता बायकांच्या बाजूने उठली, भर चर्चमधून चालत जाऊन त्याच्याजवळ बसली. कोणी हटकलं नाही. त्या दिवशी गाणं झालं नाही.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. दोन घरांनी केसरबाईशी बोलणं सोडलं. ईस्टरच्या आधी पोरांनी सगळ्या कबरींना चुना लावला, निवृत्तीची तेवढी राहिली. ती एकटीच बादली घेऊन गेली, तर मागून प्रज्वल आला, दुसऱ्या बाजूने लावायला लागला. शिवमच्या आईला भेटायला कुलदीपबरोबर मेहकरलाही तोच गेला होता. स्टँडवर उतरल्यावर कुलदीपला पुढे पाऊल टाकवेना, आणि दोघं परतीच्या बसने आले.

कुलदीप अजून दोन घास बाजूला काढतो. दुपारी केसरबाईच्या अंगणात येऊन भिंतीला टेकून बसतो. कधी शिवमचं सांगतो, कधी नुसता बसतो.

ज्या दुपारी तो येत नाही, त्या दुपारी केसरबाई चप्पल घालते आणि आधी विहिरीकडे जाते. काठाला धरून वाकते, खाली नुसतं पाणी आहे ना ते नीट पाहते. मग समताच्या दाराशी येऊन हाक मारते, "कुलदीप, आहे का रे घरात?"

आतून "हाव, माय" आलं, की परत फिरते.