लुचईची फांदी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती आता राहिली नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तरी लिहितो आहे मीच. दुसऱ्याच्या हातून कायले लिहून घ्यायचं?

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी एक संशोधन करणारी पोरगी गावात आली. जुन्या धानांचा वंशवृक्ष काढत होती. सरपंचाने माझं घर दाखवलं. का नाही दाखवणार? दुकानाचं बियाणं ज्याच्या बांधीत, धानाच्या वावरात, कधी पडलं नाही असा गावात मी एकटा — हे मीच सांगत फिरायचो.

तिने माझ्या लुचईची, म्हणजे घरच्या जुन्या बारीक धानाची, पानं नेली. पुढल्या वर्षी परत आली, तोंड उतरलेलं. ओसरीवर बसून मला समजावलं — पानाच्या आत अक्षरांसारखी ओळ असते, पिढ्यांमागून पिढ्या ती अक्षरं बदलतात. कशी बदलली, किती वेगाने, हे कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून गणिताची एक रीत धरावी लागते. रीत बदलली की वंशवृक्षाच्या फांद्याही हलतात. तिच्या रीतीने माझी लुचई दुकानाच्या धानाला चिकटत होती.

"आबाजी, बाहेरचं बियाणं तर नाही ना आणलं कधी?"

आणलं होतं. एका साली बोडी, वावराजवळचं लहान तळं, फुटली, पऱ्ह्यांची कोवळी रोपं वाहून गेली, घरात दाणा उरला नाही. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून लाखनीला गेलो, दुकानातून तसंच बारीक धान आणलं, दुकानाची पिशवी नाल्यात फेकली. पण हे तिला सांगितलं का मी?

"माह्या आजाचं धान आहे, बाई. तुह्या मशीनले काय समजते?"

ती हसली. म्हणाली, मग माझीच रीत चुकली असेल. पहिली सोडून तिने दुसरी धरली, मग तिसरी — लुचई वेगळ्या फांदीवर बसेपर्यंत. पण एका धानापायी रीत बदलली, तर बाकीची जागच्या जागी राहतील? सानगडीच्या एका बाईचं अस्सल जुनं धान नव्या झाडात दुकानाच्या धानाशेजारी गेलं. गोष्ट पसरली, बाजारात लोक तिला हसले. मीही — खरं सांगतो — मीच आधी हसलो.

तो वंशवृक्ष काचेत मढवून पोरीने मला दिला. इतकी वर्षं भिंतीवर होता. आज खिळ्यावरून काढला. उद्या सानगडीच्या बाजारात नेतो. बाई अजून तिथे भाजी घेऊन बसते. पोरीला आजच चिठ्ठी टाकली. दोन्हीकडे एकच लिहिलं, चिठ्ठीत आणि काचेच्या मागे — माझी लुचई लाखनीच्या दुकानातली. पहिली रीत बरोबर होती.