चार पावलं दूर

त्या बाईंनी फॉर्म दहा मिनिटांत भरून दिला. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक नेटक्या खुणा होत्या. सगळीकडे 'अजिबात नाही'.

मोठ्या आघातानंतर माणूस कधीकधी स्वतःपासूनच तुटतो. ते त्याला विचारून कळावं, म्हणून ही प्रश्नावली आम्ही मराठीत तयार करतोय. ती नीट मोजते का, हे तपासणं माझं काम. त्यामुळे रुग्णालयात आलेल्यांचा फॉर्म भरून झाला की कुठला प्रश्न कसा समजला, तेही मी विचारते.

बाईंच्या घरी गॅसचा स्फोट झाला होता. 'आपण दुरून स्वतःकडे पाहतोय असं वाटण्याचा किती त्रास होतो?' या प्रश्नावर मी बोट ठेवलं.

"असं कधी होत नाही का, ताई?"

"होतं की, रोज. ओट्यापाशी माझे हात पोळ्या लाटत असतात, मी आपली दारात उभी राहून बघते."

"मग 'अजिबात नाही' का?"

"तुम्ही त्रास विचारलात. त्रास कसला? दारात असते म्हणून तर पोळ्या होतात."

स्वतःपासून दूर जाणं म्हणजे हरवणंच, असं मी धरून चालले होते. या बाई रोज चार पावलं दूर जातात आणि घरादाराचं जेवण होतं. त्यांचं उत्तर मी तसंच ठेवलं. प्रश्नातला 'त्रास' मात्र माझ्या प्रतीवर खोडला आणि 'किती वेळा' असं लिहिलं.

निघताना त्यांनी विचारलं, "हे दारातून बघणं इथे बरं करतात का हो?"

"प्रयत्न करतात."

त्या दाराशी थांबल्या. "मग गॅस कोण पेटवणार?"