जिन्याची पहिली पायरी

दह्यात आंबवलेला गव्हाचा भरडा सुकत आला होता. वफीका अंगणात तुतीखाली बसून तो तळहातांनी चोळत होती; अर्धा चोळून झाला होता, अर्धा चादरीवर खड्यांसारखा पडला होता. सगळं गाव हा भरडा, किश्क, गच्चीवर वाळवतं. वफीका मात्र चार वर्षं अंगणातच.

चार वर्षांपूर्वी घराच्या गच्चीवरून तिची धाकटी बहीण घादा पडून गेली. "नको म्हटलं तरी ओल्या गच्चीवर चढली, हट्टी कार्टी," असं आई अजून म्हणते, आणि तिच्यासाठी टिपूस गाळत नाही. ‘नको म्हटलं होतं’ हे आईला वफीकानेच सांगितलेलं. खरं तर पाऊस आला तेव्हा किश्क गोळा करायला तिनेच घादाला वर पिटाळलं होतं.

येत्या गुरुवारी शेख तिला खलव्यात, प्रार्थनाघराच्या आतल्या बैठकीत, घेणार होते. पांढरी ओढणी शिवून तयार होती. आत येणाऱ्याला पहिली अट एकच: जीभ खरी हवी.

फाटक वाजलं. दरीपलीकडच्या गावची सुहैला लेकीचा हात धरून आली.

"माफ करा हं बाई. हिनं महिनाभर डोकं खाल्लंय. म्हणे, मला माझ्या घरी ने. म्हटलं, बये, मग मी काय धर्मशाळा चालवते? तर म्हणते, तुतीचं घर!" ती ओशाळं हसली. "किश्कच्या दिवसांतच झाली ही, चार वर्षं झाली. बोलकं पोर, काय करणार?"

मागचा जन्म सांगणारी बोलकी पोरं या डोंगरात नवी नाहीत. जीव सदरा बदलतो, असं इथं मानतात, इतकंच. पण वफीकाचे हात थांबले.

पोरीने एक खडा उचलून चघळला. "मीठ कमी." मग जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"वफू, आज मी नाही हं वर जाणार. मागच्या वेळी तूच पाठवलंस."

तिला वफू म्हणणारं एकच माणूस होतं.

"गप गं चोंबडे!" सुहैला म्हणाली. "मनावर घेऊ नका बाई. घर चुकलं असेल तर सांगा, निघतो आम्ही."

‘चुकलं’ एवढा एक शब्द पुरला असता. पोर टक लावून बघत होती. रागाने नव्हे, वाट बघितल्यासारखी. जिन्यावर लख्ख ऊन होतं, तरी वफीकाला पायऱ्या ओल्या दिसल्या.

"घर हेच," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

हाताला चिकटलेला भरडा तिने झग्याला पुसला. आई मागच्या मळ्यात अंजिरं तोडत होती. घादा हट्टाने चढली नव्हती, मी पाठवली होती, हे तिला सांगायला वफीका निघाली.