कोश्या जेवायला आला

इथले बाकीचे अनुभव मी आवडीने वाचतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला म्हणे मोगऱ्याचा वास येतो... भाग्यवान आहात बुवा. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि आजही कुणी चिंचेखालची हडळ सांगायला लागलं की मला जांभई येते. पण माझ्या वाट्याला जे आलं त्याला मोगऱ्याचा वास नव्हता. जेवण व्हायचं असेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा.

गोष्ट पन्नास-साठच्या मधल्या एका वर्षाची. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. मी बल्लारशाला एका लाकूड ठेकेदाराकडे कारकून होतो. वडिलांचे थोरले भाऊ — आमचे मोठेबाबा — चामोर्शीच्या बाजूला वैनगंगेकाठी राहायचे. गावाचं नाव देत नाही, भाऊबंद अजून तिथेच आहेत. गावाची ठेवण मात्र लक्षात घ्या. खाली नदी, नदीला लागून धानाचे बांध, मग घरं, आणि गावामागे एक टेकाड. टेकाडावर मारोतीचं देऊळ, त्याला पुढे मोठा मंडप आणि खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पोळ्यासाठी मी दरवर्षी तिकडे जायचो, कारण मोठाईच्या — म्हणजे मोठेबाबांच्या बायकोच्या — हातच्या पुरणपोळ्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, आणि घरधन्याने प्रत्येक बैलाच्या कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी बैल जेवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. मोठेबाबांचे चार बैल होते. तीन तरणे आणि चौथा म्हातारा कोश्या. कोशाच्या रेशमी कापडासारखा पिवळसर रंग, म्हणून कोश्या. तो मोठाईच्या माहेरून वासरू असताना आलेला. पोळा झाला की त्याला बाजारात नेऊन काढून टाकायचं असं मोठेबाबांनी ठरवलं होतं. तरी त्याच्याही कानाशी त्यांनी ते म्हटलं. मी शेजारीच उभा होतो. शिंगांना लाल रंग लावून झाला होता, आणि कोश्या डोळे मिटून शेकून घेत होता.

आठवडाभर झड लागलेलीच होती. त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत नदी बांध ओलांडून गावात शिरली. मी मोठाईला धरून टेकाडावर नेलं. ती नुकतीच मुदतीच्या तापातून उठली होती, हाडांचा सापळा नुसता. एका हाताने माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात भिजवलेल्या डाळीचं भगुणं... ते तिने सोडलं नाही. मोठेबाबा तीन बैल घेऊन वर आले. मग दोन गडी घेऊन पुन्हा कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि परत आले ते आपला सागवानी पलंग घेऊन!

“कोश्या कुठी हाये?” मोठाईने विचारलं.

“दावं कापलं म्या त्याचं. पोहला नाई, वाहून गेला. म्हातारं जनावर, काय करतं?”

मोठाईने डाळीचं भगुणं जवळ ओढलं. मोठेबाबांनी देवळाच्या मंडपात, पायऱ्यांच्या तोंडाशी पलंग टाकला आणि झोपले. बाकी गाव ओल्या फरशीवर.

पोळ्याला तोरण लागलं नाही, वाजंत्री नाही. मोठाईने तीन दगडांच्या चुलीवर त्याच डाळीचं पुरण शिजवलं, तीन बैलांना पोळी दिली, आणि एक पोळी फडक्यात बांधून ठेवली. मोठेबाबा जेवायला बसले आणि तेवढ्यात, पायऱ्यांपर्यंत चढलेल्या पाण्यावरून, दुपारच्या उजेडात तो आला.

ढोलासारखा फुगलेला. पाय ताठ, जीभ बाहेर पडून काळी, डोळ्यांच्या जागी माश्यांचा गोळा. एका रात्रीत जनावर इतकं कुजतं का हो? पण कोश्याच होता, शिंगांचा लाल रंग तसाच होता. आणि गळ्यात दावं होतं. कापलेलं नव्हतं. दाव्याच्या टोकाला गोठ्यातला खुंटा, उपटून आलेला, पाण्यात हेलकावत होता. पाण्यालगतच्या पायरीला येऊन तो टेकला, डोकं बरोबर पलंगाकडे करून. मोठाईने दाव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि समोरचं आपलं ताट बाजूला सारलं.

गाव त्याच पायरीवरून पाणी भरत होतं. दुसरीकडे नुसता चिखल आणि काटेरी झुडपं. म्हणून मी बांबू घेऊन त्याला ढकललं. बांबू अंगात रुतला, आणि दुधावरची साय सरकते तशी कातडी सरकून बांबूला चिकटली. तेव्हापासून मी साय खाल्लेली नाही. तो धारेला लागला, वाहत वळणाआड गेला. आम्ही हुश्श केलं.

उन्हं कलायच्या आत तो परत आला. वरून नव्हे, खालून! छपरं, भोपळे, उपटलेली झाडं सगळी खाली चाललेली, आणि हा त्यांच्या मधून, धारेच्या विरुद्ध, सावकाश वर येतोय. बाया ओरडायला लागल्या. मी ओरडलो नाही, पण ओकलो मात्र खूप.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांचा सुकरू त्याला डोंग्याला बांधून पार वळणाच्या पलीकडे सोडून आला. डोंगा पायरीला लागला तेव्हा कोश्या तिथे आधीच होता. सुकरूने वल्हं खाली ठेवलं.

“भाऊ, माह्याच्यानं नाई होत आता,” तो मोठेबाबांना म्हणाला. “हा तुमच्याकडंच येऊन राह्यला. तुमीच पाहा त्याचं काय ते.”

घाण अशी की तुरटी फिरवून, धोतराच्या चार पदरांतून गाळलेलं पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. लहान पोरांना जुलाब लागले. आणि मोठाई भिंतीला टेकून पडली होती. अन्न नाही, पाणी नाही. ओठ काळे पडलेले. मी पेज घेऊन गेलो तर तिने तोंड फिरवलं.

“पावना जेवला नाई, बापू. मी कशी जेवू?”

“मोठाई, मरशील तू अशानं!”

“मंग मरन.”

आणि हे ऐकू येईल इतक्या जवळ, पलंगावर मांडी घालून, मोठेबाबा उरलेलं पुरण भाताबरोबर कालवून खात होते. बोटं चाटत. समोर ते सडलेलं धूड, शेजारी मरायला टेकलेली बायको, आणि या माणसाला भूक लागते! मेलेल्या बैलाची किळस आली होती तशी, खोटं कशाला बोलू, मला माझ्या सख्ख्या काकांची आली.

“मेल्या ढोराले पोळी चारू का मी?” ते तोंडातल्या घासासकट म्हणाले. “येडी झाली का तू?”

मोठाई उठून बसली. कुठून आला तेवढा जोर, कोण जाणे.

“आवतन तुमी देल्लं. आता पावना दारात आला तं तोंड काऊन लपवता? दावं कापलं म्हने! पलंग न्याले दोन गडी गावले, दावं सोडाले हात नाई गावला तुमाले?”

ते दोन गडी खाली मान घालून बसले होते. मग सुकरू म्हणाला, “जा भाऊ.” मग अजून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच उठून पलंगाभोवती उभे राहिले, आणि मोठेबाबांना उठावंच लागलं.

नाकाला पंचा बांधून, फडक्यातली पोळी घेऊन ते उतरले. आधी लांबूनच फेकली. पोळी पाण्यावर गिरकी घेत परत त्यांच्या पायाशी आली. मोठाई वरून म्हणाली, “हातानं. आधी दावं सोडा.”

“कोयता द्या रे कोनी!”

“कोयता नाई. हातानं बांधलं ना? हातानंच सोडा.”

पाण्याने दाव्याची गाठ आवळली होती आणि सुजलेल्या मानेत खोल गेली होती. ती सोडायला त्यांना बोटं त्या मांसात घालावी लागली. मी सगळं वर्णन करत नाही. आवाज मात्र अजून कानात आहे, चिखलातून पाय काढताना येतो तसा. ते रडत होते, ओकत होते आणि गाठ सोडत होते. सुटली एकदाची. मग त्यांनी पोळी उचलली आणि उजवा हात त्याच्या तोंडाशी नेला.

“जेवा,” म्हणाले.

आणि किंचाळून हात मागे घेतला. “चाटलं! चाटलं मले!”

मी त्यांच्या मागेच, दोन पायऱ्या वर उभा होतो. चाटताना मी पाहिलं नाही, ते सांगणार नाही. पाहिलं ते एवढंच, की आतापर्यंत बाहेर लोंबणारी ती काळी जीभ आता आत होती आणि जबडा मिटलेला होता. पोळी पाण्यात नव्हती, पायरीवर नव्हती. कोश्या सावकाश वळला, धारेला लागला आणि इतर मढी जातात तसा वाहत गेला. परत आला नाही. मोठाईने स्वतः हात पुढे करून माझ्याकडून पेज घेतली.

पुढे मी शहाण्या माणसांना विचारलं. एक इंजिनिअर म्हणाले, वळणावर पाणी उलटं फिरतं. फिरत असेल, पण मग त्या पाण्याने भोपळे का नाही आणले? गुरांचे एक डॉक्टर म्हणाले, कुजताना जीभ आतबाहेर होते. रात्रीत इतकं कुजलं कसं, यावर त्यांनी चहा मागवला.

पुढच्या पोळ्याला मी गेलो तेव्हा मोठेबाबा डाव्या हाताने जेवत होते. मी पाया पडलो, त्यांनी उजवा हात डोक्यावर ठेवला, आणि मी विहिरीवर जाऊन साबणाने डोकं धुतलं. वर्ष उलटलं होतं, आणि वास तोच होता... अगदी तोच.

“राखेनं घासलो, कडुलिंबानं घासलो,” ते रडकुंडीला येऊन मला सांगत होते. “जात नाई रे बापू. चाटलं ना मले त्यानं.”

मोठाई चुलीपाशी पोळ्या करत होती. तिने मान वर केली नाही.

“बैल होता म्हनून चाटलं,” ती म्हणाली. “मी असती तं चावली असती.”

आणि तव्यावरची पोळी उलटली.