यासीनची उचकी

यासीन टेलर गेल्याची बातमी मला कुणी कळवायची गरज नव्हती. मी त्याच्या उशाशीच होतो. त्याला आता दीड महिना झाला... जुन्नरच्या बाजारात भेटेल तो म्हणतो, तुम्ही त्याच्यासाठी फार केलंत. काय केलं ते माझं मला माहीत.

शाळेपासूनची दोस्ती आमची. माझ्या लग्नाचा सफारी त्यानेच शिवला, एक बाही तोकडी ठेवून, आणि वर मलाच ऐकवलं की तुझा हातच लांब आहे. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिससाठी नारायणगावला नेणं मी आपणहून अंगावर घेतलं. परतताना तो मला मिसळ खायला लावायचा आणि स्वतः नुसता बघत बसायचा.

मग त्याला उचकी लागली. चार दिवस थांबेना. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात, आणि एकेक नाव घेतात. ज्याच्या नावाला थांबेल, तो आठवण काढणारा. त्याच्या बायकोची, शमाभाभींची, माहेर-सासरची सगळी नावं घेऊन झाली. "नावं संपली राव, उचकी न्हाई संपत," यासीन म्हणाला. जेवण नाही, झोप नाही. मला बघवेना. माझ्या ऑपरेशननंतर मला उचकी लागली होती, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी घरात पडून होती. ती मीच नेऊन दिली. मला चालली ती त्याला का चालू नये, एवढंच डोक्यात. त्याच्या डॉक्टरांना एक फोन करायचं सुचलं नाही.

उचकी थांबली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसची पाळी होती, म्हणून गाडी घेऊन गेलो, तर हा गाढ झोपलेला.

"उठवू का, भाऊ? चार दिसांनी डोळा लागलाय," भाभींनी विचारलं.

"झोपू द्या. उद्या नेऊ," मी म्हणालो.

तो उद्या उजाडला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. छताकडे बघत हवेतल्या सुईत दोरा ओवत होता... नारायणगावला डॉक्टरांनी ती पट्टी हातात घेऊन विचारलं, ही कुणी दिली? मूत्रपिंडं चालत नसली की हे औषध अंगात साठतं, मेंदूवर जातं, डायलिसिसने उतरतं, म्हणाले. ती झोप नव्हतीच. कालच आणायला हवं होतं. त्यांनी लगेच डायलिसिस केलं, पण तोवर त्या गुंगीत घास श्वासनलिकेत जाऊन छाती भरली होती. पाचव्या दिवशी यासीन गेला.

भाभींना मी सगळं सांगितलं. "तुमी चांगल्यासाठीच दिली व्हती, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा दुपारी जेवताना मला उचकी लागली. बायको सवयीने नावं घेऊ लागली. मुलगी, जावई, बहीण... पुढचं नाव तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं आणि मी हात वर करून तिला थांबवलं. पाण्याने काही उचकी थांबली नाही. सगळी दुपार मी तशीच काढली, पण ते नाव घेऊ दिलं नाही.