मिस्त्रीचा नवा बोल्ट

…तर गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात मिस्त्री त्या गुबगुबीत सोफ्यावर बसला, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. बसला म्हणजे कसा, तर अगदी कडेला टेकून, तोंडी परीक्षेला आल्यासारखा. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा पडलेला माणूस तो. स्वतःची गाडी परक्या हातात देऊन काचेआडून बघत बसायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. सोबतीला मी. त्याच्या गॅरेजातल्या बाकावर माझी रोजची बैठक, त्यामुळे तो नको नको म्हणत असतानाही गाडीत चढून बसलो होतो.

"दादा, तो पाना चुकीचा लावतोय," मिस्त्री पुटपुटला.

"लावू दे. तू चहा पी."

"मशीनचा आहे."

"मग नको पिऊस. पण उठूही नकोस."

दुखणं होतं गाडीच्या पोटाखालच्या डब्याचं. इंजिनाचा धूर साफ करतो तो डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हे नाव जिभेवर बसायला मला महिना लागला; शाळेत एकोणतीसच्या पाढ्यानंही इतकं छळलं नव्हतं. आतली जाळी वितळली की धूर कोंडतो. मग गाडी सपाटीवर बरी चालते आणि चढ आला की माझ्यासारखी धापा टाकते.

आणि मिस्त्रीच्या वाटेत नेमका चढ होता. पक्षाघातानंतर त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, उजवा हात हळूहळू शुद्धीवर येत होता. व्यायाम करून घ्यायला त्यांना आठवड्यातून तीनदा टेकडीपलीकडे न्यावं लागे. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत. गाडी चढावर बंद पडायला लागली, खेपा चुकल्या, आणि नुकतीच कप उचलू लागलेली बोटं पुन्हा आखडली.

मी सरळ म्हणालो होतो, "अरे, ती जाळी फोडून टाक आणि चालव गाडी. गिऱ्हाइकं नाही का तुझ्या मागे लागत?"

"लागतात. मी नाही म्हणतो. घाण सगळी मागच्याच्या नाकात जाते, दादा. लोकांना नाही म्हणायचं आणि आपल्या गाडीला करायचं होय?"

त्यानं डबा उतरवून पाहिला, आपल्या हातचं काम नाही आणि नवा डबा खिशाला झेपणारा नाही हे कळलं, आणि जसाच्या तसा परत चढवला. त्यानंतर महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. या गाड्यांचे डबेच सदोष निघालेत, फुकट बदलून देऊ. वहिनींनी ते पत्र चार दिवस उशाशी ठेवलं. तळाशी बारीक अक्षरात एक अट होती, डबा बाहेर कुणी उघडलेला नसावा. ती आमच्यापैकी कुणी वाचली नाही. माझा चष्मा घरी होता आणि मिस्त्रीला आनंद झाला होता.

काचेचं दार उघडून तिथली इंजिनियर मुलगी आली आणि तिनं मोबाइलवरचा फोटो पुढे केला. डब्याचे तीन बोल्ट गंजून लालभडक, त्यांच्यावर कंपनीच्या पिवळ्या रंगाचा ठिपका. चौथा लखलखीत.

"काका, हा चौथा आमचा नाही. बाहेर उघडलेला डबा वरून मंजूर होत नाही."

मिस्त्रीचा हात खिशात गेला. तिथं हात पुसायचं फडकं असतं. आज धुतलेल्या पँटीत ते नव्हतं. हात तसाच आत राहिला.

पोरगी भली होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गाडी तुम्ही जुनी घेतलीत ना? मग आधीच्या मालकानं बदलला असेल, तुम्हाला काय माहीत? तसं लिहू?"

मी मिस्त्रीचा गुडघा दाबला. चांगला जोरात दाबला. उद्या खेप होती आणि घरी वहिनी आजपासूनच साडी काढून बसल्या होत्या. त्याच्या तोंडून 'हो' एवढंच यायचं होतं. त्यानं तो फोटो पुन्हा एकदा निरखून पाहिला.

"नाही ताई, मीच बदलला. जुना पार गंजला होता, तो परत लावायला माझा हात धजला नाही."